रंगाखालचे चवदा टिपके

मित्रांनो, या मिलमधी तुम्ही नवे, जरा जवळ सरका. पट्ट्यापासून हात दूर ठेवा अन् ऐका. माझ्याच अंगावर ठोकलेला आकडा तीन माणसाइले काहून सापडत नव्हता, त्याची गोष्ट सांगतो. खोटं सांगत नाही. खोटं बोलाले जेवढी अक्कल लागते तेवढी लोखंडात नसते.

मी एक जुनं डिझेल इंजिन आहो. एका सिलिंडरचं. बोरी अरबच्या बाजारामांगं धुरपताबाईची दालमिल आहे, तिच्यातल्या चौथऱ्यावर मले बोल्टानं आवळून ठेवलं आहे. ज्या कारखान्यात मले ओतलं, तो कारखाना आता राह्यला नाही. माझ्यासंगं एक पुस्तक आलतं. कोणता नट किती कसाचा, सारं त्याच्यात होतं म्हणे. ते पुस्तक पहिल्याच पावसाळ्यात वाळवीनं वाचून टाकलं.

मले बसवलं अब्दुल गनी मिस्त्रीनं. माणूस माझ्यासारखाच, शाळेचं तोंड न पाह्यलेला. सही म्हणजे अंगठा. पण माझं डोकं, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, त्यानं चार नटांवर असं बसवलं का वीस-बावीस वर्षं एक थेंब पाणी गळलं नाही. मी तूर भरडली, चणा भरडला. लाइन गेली का सारी मोटर-मिल गप, अन् माझं टुक-टुक ऐकून बाया टोपले घेऊन निघत. तेव्हा मले मोठा गर्व होता.

दसऱ्याले तं माझा थाटच. झेंडूचा हार, कुंकू, नारळ, अन् अंगभर नवा रंग. रंग द्याचा मान अमरसिंगचा. तो तांड्यावरचा गडी, मिलमधी जन्मभर पोते उचलले, धुरपताबाईले 'याडी' म्हणते, म्हणजे माय. एका साली हिरवा, एका साली लाल, एका साली निळा. "नवरदेव दिसून राह्यला," म्हणे. मीही फुगून जात होतो. त्याच रंगानं माझा घात केला, पण ते मांगून सांगतो.

गनी मिस्त्री गेले. पाने-पेटी आली त्याइच्या पोराच्या हातात, कलीमच्या. कलीम आता चाळिशीचा, हाताचा साफ, मनाचा त्याहून साफ. बापाचा लोखंडी पाइपही त्याले मिळाला. पान्याले लांब दांडा म्हणून तो पाइप लावाचा, नट कसाचा, अन् मंग परत मिलच्या खिळ्याले टांगाचा.

औंदा तुरीच्या हंगामात माझ्या डोक्याखालचं पॅकिंग उडालं. धूर, वाफ, तेलात पाणी. कलीमनं नवं टाकलं, पाइप लावला, दोन्ही हातांनी जोर लावून नट कसले. मी आतून ओरडून राह्यलो होतो, बाबू, जास्त होते! पण मले तोंड कोठी आहे? आठ दिवसांत ते उडालं. नट ज्यावर बसते त्या एका खिळीचे आटे ताणले गेले. दुसऱ्यांदा कलीम भेला, अन् हळूच कसलं. ते चार दिवस टिकलं.

आता पुसदच्या दुकानातलं शेवटचं पॅकिंग आणलं होतं. खिळीनं अजून एक चुकीचा ताण खाल्ला असता तं ती तुटली असती, अन् तिच्यासंगं माझं ब्लॉक. इकडे मिलमधी गावाची तूर भिजवून, वाळवून थप्पीले लागलेली. वेळेवर भरडली नाही तं किडे लागतात. भंगारवाला तं आधीच येऊन गेलता. सळईनं मले ठोकून पाह्यलं अन् म्हणे, "किती वजन भरन?"

धुरपताबाई कडाडली, "तुहं वजन कर आधी, मुडद्या!"

पण तो गेल्यावर ती पोत्यावर बसली अन् कलीमले म्हणाली, "हे शेवटचं हो बाबू. आता उडालं तं मले त्यालेच बोलवा लागन."

कलीम म्हणाला, "काकी, दोनदा अंदाजानं कसलं. आता किती जोरानं कसाचं तो आकडा सापडल्याबिगर पाना लावणार नाही."

दोन दिवस तो माणूस हटला नाही. यवतमाळले फोन केला, एक मिस्त्री म्हणे बारा किलोचा जोर. पुसदचा म्हणे अठरा. तिसरा म्हणे, दाबून कस, काही होत नाही. मोबाईलवर एक जण इंजिन खोलताना दिसला, पण ते इंजिन वेगळंच, माझ्या नातवासारखं. कलीमनं मोबाईल खिशात टाकला अन् माझ्यासमोर उकिडवा बसला.

"तुझे अब्बा कोणतं पुस्तक पाहत होते रे?" धुरपताबाई म्हणाली. "अंगठा लावत होते ते."

"तेच तं काकी. त्याइचं कधी उडालं नाही."

"ते तं साफसफाईले डोकं खोललं का दरवेळी माझा कापसाचा काटा मागत. मी म्हणो, गनीभाऊ, इंजिनातून कापूस निघते का? तं नुसते हसत."

कलीमची मान झटक्यानं वर आली. "काटा? हुकाचा, टांगाचा?"

"वावरात कापूस मोजतो तोच."

कलीमनं खिळ्यावरचा पाइप उतरवला. शेवटाजवळ एक खाच होती. झिजली असन, असं त्याले इतके दिवस वाटत होतं. धुरपताबाईनं घरून काटा आणला. काट्याचा हुक त्या खाचीत असा बसला जसं बोट अंगठीत. नटापासून खाचीपर्यंत मोजलं, बरोबर एक मीटर. काट्यानं पाइप ओढाचा, जेवढे किलो दाखवन तेवढाच जोर नटाले.

कलीम पाइपाकडे पाहतच राह्यला. "अब्बानं पाइप मले देला, काटा काकीच्या घरी राह्यला."

"पण किती किलो रे?" अमरसिंगनं विचारलं.

"ते मले काय माहीत," धुरपताबाई म्हणाली. "पयल्या खेपेले याचं डोकं बसवून झालं, का घंटाभर टकटक ठोकत बसले होते. त्या भिंतीकडच्या अंगाले."

तिघं वाकले. भिंतीकडचं माझं अंग आरशासारखं गुळगुळीत. अमरसिंगचं तोंड उतरलं.

"याडी, तथी बारीक खड्डे होते. मी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, दरसाल रंग देत गेलो. चांगलं दिसावं म्हणून."

"वा रे नवरदेवाच्या करवल्या!" धुरपताबाई म्हणाली. "घे आता पत्री, अन् खरड."

अमरसिंग खरडाले बसला. पहिले निळा निघाला, मंग लाल, मंग हिरवा. हिरव्याशी त्याचा हात थांबला. "या साली गनीचाचा गेले," म्हणे. पुन्हा लाल, मंग पिवळा. माझी सारी जिंदगी सालपटासारखी खाली पडून राह्यली होती. शेवटी कारखान्याचा राखी रंग आला, अन् त्याच्यात टिपके. लिहिता येत नव्हतं, म्हणून गनी मिस्त्रीनं टोच्यानं टिपके ठोकले होते. तीन ओळी.

पहिली पाच. दुसरी दहा. तिसरी कलीमनं मोजली तेरा, अमरसिंगनं चवदा.

"तेरा का चवदा?" कलीमले घाम आला. "अंदाज नाही पाह्यजे."

धुरपताबाईनं अंबाड्यातली पिन काढली अन् ओळीच्या टोकाले कोरू लागली. लांबीचा एक बारीक खडा टपकन पडला. खाली टिपका होता. चवदा.

मंग आट्याइले तेल लावलं. समोरासमोरचे नट आलटून-पालटून कसले. पहिला फेरा पाचचा, दुसरा दहाचा, तिसरा चवदाचा. धुरपताबाई काटा वाचे अन् ओरडे, "बस्स!"

"काकी, हात म्हणते अजून थोडं."

"हाताले गप बसव. काट्यानं सांगतलं ना?"

अमरसिंगनं हँडल फिरवलं. एकदा नुसती फुस. दुसऱ्यांदा खोकलो. तिसऱ्यांदा टुक, टुक, टुक. कलीम झाकणाच्या कडेनं बोट फिरवत राह्यला. बोट कोरडं निघालं. गरम झाल्यावर मले बंद केलं, थंड होऊ देलं, अन् त्यानं चवदावर पुन्हा एक फेरा पाह्यला. त्या हंगामात गावाची सारी तूर मीच भरडली. भंगारवाला पुन्हा आला, तं अमरसिंगनं त्याच्या हातात चुरीची पिशवी देली. "बकरीले घाल," म्हणे.

मित्रांनो, आता दसरा येऊन राह्यला. अमरसिंगले दिसते कमी, म्हणून औंदा ब्रश तुमच्या हातात येईन. मारा रंग, पाह्यजे तो मारा, मले सजाले अजूनही आवडते. पण भिंतीकडच्या अंगाले तळहाताएवढी जागा तेवढी सोडजा. अन् कापूस मोजून झाला का तो काटा घरी नेऊ नका, पाइपाच्याच खिळ्याले टांगजा.