उदगीरच्या बॉयलरचा नवा डोळा

सुकन्याने चौथ्यांदा लाल बटण दाबले. बर्नर घोंघावला, तेलाचा फवारा उडाला, आत भडका झाला आणि पाच सेकंदांत पुन्हा सगळे गप्प. यंत्राच्या पेटीवरचा तांबडा दिवा लागला.

"विझली न्हवती," सिद्रामप्पा म्हणाला. बॉयलरच्या बघायच्या भोकाला डोळा लावून तो बसला होता. "ज्योत चांगली केळफुलावानी भरली होती. तुमच्या यंत्रालाच दिसंना."

उदगीरच्या या तेलगिरणीत एकतीस वर्षे ज्योत बघायचे काम त्याच्याकडेच होते. ज्योत विझून तेल तसेच पडत राहिले तर भट्टी फुटायची. म्हणून स्टुलावर बसून बघत राहायचे आणि विझताच कॉक फिरवून तेल बंद करायचे. सुकन्याने स्वतः तयार करून नांदेडहून आणलेला सेन्सर तेच करणार होता, तेही जेवायला न उठता. मालक रेवणसिद्धांनी दोन्ही बाजू सरळ मांडल्या होत्या : संध्याकाळपर्यंत यंत्र चालले तर सिद्रामप्पा गेटवर, नाही चालले तर यंत्र खोक्यात. ते माणसेही तराजूत घालून बघत. पण पारडे बोटाने दाबत नसत, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

यंत्र फसण्यात फायदा असलेला माणूस गिरणीत एकच, आणि तोच सकाळपासून सुकन्याला चहा आणून देत होता. जेवून घ्या, यंत्र कुठे पळून जाते, म्हणून दटावतही होता. हिशेब काही जुळत नव्हता.

तिने वायरी पुन्हा तपासल्या. त्याने विचारले,

"ह्याला दिसतं कशानं?"

नळीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी काच आहे, तिच्यातून ज्योतीची थरथर दिसते, असे तिने सांगितले.

"काचंला काही लागलं तर?"

"तर आंधळं. पण मी काल स्वतः पुसून ठेवली होती, आप्पा."

सिद्रामप्पाचा हात कपाळाकडे गेला आणि विभूतीच्या तीन पट्ट्यांपाशी थबकला.

एवढ्यात रेवणसिद्ध दारात आले.

"मॅडम, खोकं मागवू का?"

सुकन्याने मान खाली घातली. तेवढे उत्तर घेऊन ते गेले.

सिद्रामप्पा उठला. सकाळी तिने बसवताना पाहिले होते, तसा त्याने सेन्सर नळीतून अलगद ओढून काढला. काचेवर राखाडी तीन रेघा होत्या, अगदी मापात. उपरण्याच्या टोकाने त्याने काच पुसली, तिच्यावर फुंकर घातली, पुन्हा पुसली.

सुकन्या काचेकडे बघत राहिली, मग त्याच्या कपाळाकडे.

"रोज बॉयलरच्या दाराला लावतो," तो म्हणाला. "सकाळी हे पाटावर ठिवलं होतं. लेकराला आगीपुढं बसायचंय, म्हनलं ह्यालाबी लावावी."

त्याने सेन्सर जागेवर बसवला.

"दाबा आता."

बर्नर पेटला. पाच सेकंद गेले, दहा गेले, मिनिट गेले. हिरवा दिवा टिकला.

रेवणसिद्ध खोके घेतलेल्या हमालासह परत आले. काय झाले होते, त्यांनी विचारले.

"काच मळली होती," सुकन्या म्हणाली.

पुढे कोणी काही विचारायच्या आत सिद्रामप्पाने स्टूल उचलले आणि तो गेटकडे चालू लागला. उद्याची वाट त्याने बघितली नाही.

चारच्या सुमारास बॉयलरपाशी सुकन्याचा फोन वाजला. गेटवरून सिद्रामप्पा मोठ्याने बोलत होता.

"पोरी, धुराडं काळं ओकायलंय. हवा वाढव थोडी."

यंत्राच्या स्क्रीनवर सगळे हिरवे होते. तिने एकदा स्क्रीनकडे बघितले आणि हवेची झडप अर्धा आटा उघडली.

मागे उभे असलेले रेवणसिद्ध बाहेर अंगणात गेले आणि मान वर करून उभे राहिले. धूर विरळ झाला, मग दिसेनासा झाला. तरी ते बराच वेळ वरच बघत होते. मग त्यांनी मुनीमजींना हाक मारली.

"गेटला दुसरा माणूस बघा. आणि ते स्टूल परत आत आणायला सांगा."