पाहुण्या नंबराची मोटार

मी एक जुनी मोटार आहे. रंग गडद हिरवा, मागे सामानासाठी लांबलचक जागा आणि स्टिअरिंग उजवीकडे. तुमच्या गावातल्या गाड्यांचेही स्टिअरिंग उजवीकडेच असते, त्यामुळे तुम्हाला त्यात नवल वाटणार नाही. पण मी आता उभी आहे त्या स्पेनमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि त्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते. मित्रांनो, माझी कहाणी या एका फरकावर उभी आहे, म्हणून तो आधी सांगितला.

माझा जन्म इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पहिल्या मालकाने काही वर्षांनी मला विकायला काढले, तेव्हा मॅल्कम पार्जिटर आणि त्याची बायको ग्लेनिस मला बघायला आले. मॅल्कम घरोघरी जाऊन गॅसचे बॉयलर दुरुस्त करायचा. ग्लेनिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. मॅल्कम जमिनीवर आडवा होऊन माझा खालचा पत्रा तपासत होता. ग्लेनिस डावीकडच्या सीटवर बसली आणि तिने दार ओढून घेतले.

"दार लागताना कसला छान आवाज येतो हिचा! घेऊन टाकू."

"दाराच्या आवाजावर कुणी गाडी घेतं का?" मॅल्कम खालूनच म्हणाला.

"मग नवरा तरी मी कशावर घेतला होता?"

अशी मी त्यांची झाले.

दोघे निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी इंग्लंडमधले घर विकले आणि स्पेनमध्ये, समुद्रापासून थोडे आत डोंगरावर, बेनिमाल्वा नावाच्या गावात बदामाच्या झाडांमध्ये एक लहानसे घर घेतले. चहाची पाकिटे, टोस्टर, ग्लेनिसची शिवणाची पेटी आणि हिवाळी कोट, जे पुढे कधी फारसे लागले नाहीत, असे सगळे माझ्यात कोंबून आम्ही बोटीवर चढलो. इंग्लंडच्या गाड्यांचे दिवे डाव्या बाजूला थोडा जास्त प्रकाश टाकतात. इकडे तो प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून बोटीवर चढण्यापूर्वी दिव्यांच्या काचेवर एक चिकटपट्टी लावतात. ती पंधरा दिवसांच्या सहलीपुरती असते. माझ्यावरची पट्टी उन्हाने पिवळी पडून तडकली, तरी तशीच होती.

डोंगरातल्या रस्त्यांवर पुढे एखादा ट्रक आला की मॅल्कमची पंचाईत व्हायची. तो रस्त्याच्या कडेला बसलेला. त्याला ट्रकच्या मागच्या दाराशिवाय काही दिसत नसे. रस्त्याच्या मधल्या रेषेजवळ बसायची ग्लेनिस. ती मान तिरकी करून पुढे बघायची.

"थांब. व्हॅन येतेय. थांब रे, कसली घाई? तिकडे काय आपलं लग्न लागायचंय? अजून एक आहे... हं, जा!"

ती 'जा' म्हणाली की मॅल्कम क्षणभरही विचार न करता मला बाहेर काढायचा. मला या कामाचा फार अभिमान वाटे. इंजिन माझे, पाय मॅल्कमचे आणि डोळे ग्लेनिसचे. असे आम्ही तिघे मिळून एक गाडी होतो.

आता मॅल्कमच्या चुकीविषयी सांगते. ती गावातल्या बारसमोर, माझ्या डोळ्यांदेखत झाली. तिथे सकाळी इंग्लंडहून आलेली म्हातारी मंडळी अंडी आणि सॉसेज खात बसायची. त्यांच्यात कॉलिन नावाचा एक जण होता. पूर्वी तो गालिचे विकायचा आणि त्याला सगळे माहीत असायचे.

"पेन्शन ऑफिसला कळवलंस ना, की मी आता परदेशात राहतो, की संपलं," तो मॅल्कमला म्हणाला. "पेन्शन गोठली म्हणून समज. माझी मेहुणी ऑस्ट्रेलियात आहे. इतकी वर्षं झाली, एका पेनीने वाढली नाही तिची."

"इथेही तसंच होतं?"

"परदेश म्हणजे परदेश, बाबा. शिवाय इथला कर खात्यातला माणूस तुझ्या पेन्शनवर कर लावणार तो वेगळाच. तू आपला पाहुणा राहा. पाहुण्याला कुणी काही विचारत नाही."

मॅल्कम भित्रा नव्हता आणि लबाडही नव्हता. पण हयातभर घाम गाळून मिळवलेली पेन्शन महागाई वाढत असताना जागच्या जागी थिजून जाईल, ही कल्पना त्याच्या मनात जाऊन बसली. मग तो कागदावर पाहुणाच राहिला. त्याचा पत्ता इंग्लंडमधला, ग्लेनिसच्या भावाच्या, लेस्लीच्या घराचा. बँक तिथली, डॉक्टर तिथला. माझा नंबरही तिथलाच, आणि माझी वर्षाची तपासणीही तिथेच व्हायची. दर वसंतात आम्ही तिघे फ्रान्स ओलांडून इंग्लंडला जायचो आणि "राहतोय बुवा आम्ही इथेच" असे दाखवून परत यायचो.

अशाच एका प्रवासात, फ्रान्समधल्या एका सरळसोट रस्त्यावर ग्लेनिस म्हणाली, "ही मधली रेषा अशी वाकडी का काढलीय?"

"कुठे वाकडी आहे?"

"अरे, ओढ्यासारखी जातेय वळत वळत."

"जेवण करून, दोन ग्लास वाइन घेऊन मारली असेल रंगवाल्यांनी."

दोघेही हसले. माझी डावी चाके त्या रेषेला लागूनच चालली होती. ती पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ होती. मला ते समजत होते, पण मोटारीला हॉर्नशिवाय आवाज नसतो, आणि तोही दुसऱ्याने दाबावा लागतो.

इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की ग्लेनिसच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढून गळू लागल्या आहेत. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचे. ते नियमाने घेतले तर नजर टिकते. चुकवले तर मधला भाग काळा होत जातो, आणि गेलेला भाग परत येत नाही.

पहिले काही महिने दोघे त्यासाठी विमानाने इंग्लंडला गेले. मग तिथल्या दवाखान्यात कुणीतरी लेस्लीला विचारले, "तुमच्या बहीणबाई नक्की राहतात कुठे?" लेस्लीला आयुष्यात कधी खोटे बोलता आले नव्हते. तो म्हणाला, "उन्हात." उन्हात म्हणजे स्पेनमध्ये, हे त्यांना लगेच कळले, आणि परदेशात राहणाऱ्याला तिथे फुकट उपचार मिळत नाहीत, म्हणून तिचे नाव त्या दवाखान्यातून कमी झाले.

स्पेनमध्ये पाहुण्यांकडे असलेल्या आरोग्य कार्डावर ताप, अपघात एवढे बघतात. महिन्याच्या महिन्याला उपचार हवे असतील, तर इथले रहिवासी म्हणून नाव नोंदवावे लागते. म्हणून ग्लेनिस किनाऱ्यावरच्या एका खाजगी डॉक्टरकडे जाऊ लागली. एकेका इंजेक्शनला इतके पैसे पडत की दोन इंजेक्शनांमधले अंतर महिन्याचे दोन महिने झाले, दोनाचे चार. पुढच्या हिवाळ्यात तिच्या डाव्या डोळ्याचा मधला भाग काळा झाला, तो कायमचाच.

मॅल्कम त्या काळात फार कमी बोलायचा. मला धुवायचेही त्याने सोडले. माझ्या काचांवर बदामाच्या बागेतली लाल धूळ साठली. ग्लेनिस मात्र पूर्वीसारखीच डावीकडे बसून "थांब" आणि "जा" म्हणायची. उजवा डोळा आहे की, असे सांगायची.

पण एक बदल माझ्या लक्षात आला होता. ट्रक पुढे आला की ती आता काच खाली करायची आणि मान बाहेर न काढता कान बाहेर करायची. ती बघत नव्हती. ती ऐकत होती. समोरून येणाऱ्या इंजिनाचा आवाज नसला, की "जा" म्हणत होती. मला धडकी भरली. मोटारीला धडकी भरते का, असे तुम्ही विचाराल. त्या दिवसांत माझे इंजिन सकाळी सुरू व्हायला नाही म्हणायचे, एवढेच मी सांगू शकते.

एका सकाळी आम्ही संत्र्यांच्या ट्रकमागे चढ चढत होतो. ग्लेनिसने काच खाली केली. थोडा वेळ गेला.

"जा," ती म्हणाली.

मॅल्कमने मला बाहेर काढले. समोर, उतारावरून, एक सायकलवाला येत होता. सायकलला इंजिन नसते.

त्याने सायकल कडेच्या खडीत घातली आणि तो पडला. मॅल्कमने ब्रेक दाबला, तशी मी अर्धी वळून थांबले. सायकलवाला उठला. त्याचा कोपर आणि गुडघा सोलवटला होता. त्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि माझ्या टपावर एक थाप मारून लंगडत सायकलकडे गेला. मॅल्कमने त्याची पुनःपुन्हा माफी मागितली, त्याला पाणी दिले. तो निघून गेल्यावर मॅल्कम येऊन सीटवर बसला.

"समोर होता, ग्लेनिस! अगदी समोर!"

"समोरचंच दिसत नाही मला. कडेचं दिसतं. आत्ता तुझे कान दिसतायत, नाक नाही."

"दुसरा डोळापण? कधीपासून?"

"बदाम फुलले होते तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? पुन्हा पैसे मोजत बसला असतास टेबलाशी. आणि मी 'जा' म्हणायचं बंद केलं असतं, तर तुला त्याच दिवशी कळलं असतं." तिने काच वर केली. "आज त्या पोराला मारलं असतं आपण, मॅल्कम."

त्याने मला सरळ करून कडेला घेतले.

"मला सांग, मी पुरती आंधळी झाले, तर दरवर्षी वाढणाऱ्या पेन्शनचं करायचं काय? मोठ्या अक्षरात छापून देणार आहेत का ते? गाडी खाली घे. एन्कार्नाकडे."

एन्कार्ना ही गावातल्या लोकांचे कराचे आणि सरकारी कागदांचे काम करून देणारी बाई. तिच्या ऑफिससमोर पोचल्यावर मॅल्कम उतरेना. तेव्हा ग्लेनिस एकटीच भिंतीला हात लावत आत गेली आणि पाच मिनिटांत एन्कार्नालाच बाहेर घेऊन आली. एन्कार्ना माझ्या मागच्या सीटवर बसली. तिने धूळ झटकली.

"तर तुम्ही पाहुणे," ती म्हणाली.

"हो," मॅल्कम समोर बघत म्हणाला.

"मग इतकी वर्षं दर शनिवारी माझ्या आईकडून अंडी कोण नेतंय? तुमचं भूत?"

ग्लेनिस फिस्सकन हसली. मॅल्कम हसला नाही. "कळवलं तर पेन्शन गोठते," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"कॉलिनने."

"कॉलिन? अहो, कॉलिन दोन वर्षांपूर्वीच इथे येऊन सगळे कागद करून गेला! लाजेने तुम्हाला बोलला नसेल. त्याची पेन्शन दर एप्रिलला वाढते. ऑस्ट्रेलियात नाही वाढत, ते खरं आहे. हे ऑस्ट्रेलिया दिसतंय का तुम्हाला?"

मॅल्कमने पहिल्यांदाच मागे वळून पाहिले. "आणि कर?"

"कर भरावा लागेल. राहता इथे, रस्ते वापरता इथले. मागच्या वर्षांचाही भरावा लागेल, दंडासकट. फुकट सुटाल असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या एवढ्याशा पेन्शनवर तो किती होणार? त्या खाजगी डॉक्टरला दिलंत, त्याहून कमीच."

"डोळ्यांचं काय?"

"इथल्या सरकारी रुग्णालयात होईल. त्याचा खर्च तुमचाच देश देतो. पेन्शन घेणाऱ्याचा हक्क आहे तो. फक्त मी इथे राहतो, असं त्यांना खरं खरं कळवायचं."

मग मॅल्कम म्हणाला, "आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही हे?"

"तुम्ही विचारलंत कुणाला?" एन्कार्ना म्हणाली. ती रागाने बोलली नव्हती, आणि म्हणूनच मॅल्कमला ते जास्त लागले असावे. त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकले. ग्लेनिसचा हात त्याच्या पाठीचा अंदाज घेत गेला आणि तिथेच राहिला.

पुढचे सगळे झपाट्याने झाले. दोघे बेनिमाल्वाचे रहिवासी झाले. पण रहिवाशाला परक्या नंबराची गाडी चालवता येत नाही. मला इथला नंबर घ्यायचा तर दिवे बदलायचे, तपासण्या करायच्या, कर भरायचा. तो खर्च माझ्या किमतीच्या कितीतरी वर जात होता, आणि जुना कर तर फेडायचाच होता. मॅल्कमने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्याने मला नीट धुतले, पुसले आणि गावाबाहेरच्या व्हिसेंतेच्या गॅरेजच्या आवारात आणून सोडले. "सुटे भाग लागतील तसे काढून घे," तो व्हिसेंतेला म्हणाला. मला राग आला नाही. एका पारड्यात माझा नंबर होता आणि दुसऱ्यात ग्लेनिसचा उरलेला डोळा. मला हात असते, तर तो नंबर मीच काढून दिला असता.

गॅरेजसमोरच बसचा थांबा आहे. दर महिन्याला दोघे तिथून शहरातल्या रुग्णालयात जातात. मॅल्कम कधीकधी व्हिसेंतेशी बोलतो, त्यातून मला कळते. उजवा डोळा आहे तेवढ्यावर थांबला आहे. ग्लेनिसला माणसांचे चेहरे धूसर दिसतात, पण तिला एकटीला चहा करता येतो, दारातल्या पायऱ्या उतरता येतात. पहिल्याच वर्षी आल्या असतात तर दोन्ही डोळे राहिले असते, असे डॉक्टर म्हणाल्या. हे सांगताना मॅल्कम आपल्या बुटांकडे बघत होता.

गेल्या महिन्यात एक इंग्लिश जोडपे तेल बदलायला गॅरेजमध्ये आले. गाडी नवी, नंबर इंग्लंडचा. मॅल्कम थांब्यावरून उठून त्यांच्याकडे गेला.

"किती वर्षं झाली इथे?"

"झाली सहा-सात," तो गृहस्थ डोळा मिचकावून म्हणाला. "पण आम्ही आपले पाहुणेच!"

मॅल्कमने त्याच्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. तेवढ्यात बस आली. "मॅल्कम!" ग्लेनिसने हाक मारली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मॅल्कम तसाच उभा राहिला. "तुमच्या बायकोचं नाव काय हो?" त्याने विचारले. त्या गृहस्थाने गोंधळून नाव सांगितले. "मग तिच्यासाठी ऐका. एन्कार्नाचं ऑफिस चर्चच्या मागे आहे, एक वाजेपर्यंत उघडं असतं. आत्ता जा. मी संध्याकाळी येऊन विचारणार आहे, गेला होतात का." मग तो धावला. ग्लेनिस बसच्या पायरीवर उभी राहून, दार अडवून, त्याच्यासाठी थांबली होती.

मित्रांनो, आता माझे बरेचसे भाग निघून गेले आहेत. माझा आरसा एका व्हॅनला लागला, माझी चाके एका ट्रेलरला. मोटारीचे असेच असते, एकीचे दुसरीला चालते. डोळ्याचे तसे नसते. तेव्हा तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस काही लपवते आहे, कशाला तरी भिऊन गप्प बसते आहे, असे वाटले, तर त्याला चिडवू नका आणि रागावूही नका. कशाची भीती वाटते ते विचारा. मग त्याचा हात धरून, ज्याला नियम माहीत आहे अशा माणसाकडे त्याला घेऊन जा. सुट्टी लागण्याची वाट बघू नका.