ऐरणीला बांधलेलं व्हायोलिन

डुलूथमध्ये चाळीस वर्षं घोड्यांना नाल ठोकून ऑर्लिन हॉगनचे गुडघे कामातून गेले, आणि टूसॉनला लेकीजवळ जाऊन राहायचं ठरलं. ठरवलं त्याच्या बायकोने, वर्नाने. ऑर्लिनची अट एकच होती : ऐरण बरोबर येईल.

"तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत?" वर्ना म्हणाली. "घोडा काय लिफ्टने आणणारेस?"

"घोडा नको. नुसती ऐरण."

सामान हलवणाऱ्या कंपनीकडून मार्लिस नावाची बाई पाहणीला आली. वर्नाने तिच्यापुढे कॉफी आणि वेलदोड्याचा पाव ठेवला.

"संरक्षण दोन तऱ्हेचं," मार्लिस म्हणाली. "एक फुकट. वाटेत काही फुटलं, हरवलं तर पौंडामागे साठ सेंट भरपाई. दुसऱ्याला पैसे पडतात, पण त्यात आम्ही वस्तू दुरुस्त करून देतो, नाहीतर तशीच दुसरी, नाहीतर तिची किंमत."

"फुकटचं," ऑर्लिनने पेन उचललं. मग थबकला. "पौंडामागे म्हणजे? कसल्या पौंडामागे?"

"वजनाच्या. वस्तू कुठली का असेना."

ऑर्लिन उठला, न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन आला. त्याच्या आजोबांनी नॉर्वेहून बोटीने आणलेलं व्हायोलिन एक पौंड भरलं. म्हणजे साठ सेंट. ऐरण दोनशे पौंडांची. एकशेवीस डॉलर. मग तो स्वतः काट्यावर चढला आणि आकडा बघून बोटांवर हिशेब केला.

"एकशेआठ डॉलर," तो खोल आवाजात म्हणाला. "मी ऐरणीपेक्षा स्वस्त पडतो."

"ते मला लग्नातच कळलं होतं," वर्ना म्हणाली.

दुपारभर खटपट करून ऑर्लिनने व्हायोलिन सुतळीने ऐरणीला बांधलं आणि मार्लिसला बोलावलं. "ही आता एक वस्तू. लिहा : ऐरण, व्हायोलिनसहित. दोनशे एक पौंड."

मार्लिसने ते हसण्यावारी नेलं नाही. तिने वरच्या साहेबाला फोन लावला, गाठी मोजून सांगितल्या, सुतळीची जाडी सांगितली. मग तिने फोनवर हात ठेवून विचारलं, "साहेब विचारतायत, ही वस्तू वाजवता येते का?"

वर्नाने कात्री आणली, सुतळी कापली. "व्हायोलिन विमानात माझ्या मांडीवर येईल. बाकीच्याला पैसेवालं संरक्षण. कुठे सही करू?"

नऊ दिवसांनी ट्रक टूसॉनला पोचला. काचेचा एक पेलासुद्धा तडकला नव्हता. फक्त ऐरण नव्हती.

"दोनशे पौंडांचं लोखंड हरवतं कसं?" ऑर्लिन फोनवर ओरडला. "खिशातून पडलं का?"

"शांत व्हा, मिस्टर हॉगन," भरपाई खात्यातला माणूस म्हणाला. "ऐरण होती, याचा पुरावा आहे? फोटो वगैरे?"

फोटो एकच होता, लग्नातला. फोटोवाल्याने नवरी अर्धी कापली होती, ऐरण मात्र अख्खी आली होती. वर्नाने तो पाठवला खरा, पण दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही.

कंपनीने पैसे न देता नवी कोरी ऐरण धाडली. आठवडाभराने जुनीही आली. कंपनीच्या गोदामातल्या लोकांनी ती दार उघडं राहावं म्हणून दाराला लावून ठेवली होती. आता बसायच्या खोलीत दोन ऐरणी झाल्या, आणि नवी परत न्यायला कंपनी माणूस पाठवणार होती.

त्याआधी वर चढून आला तो खालच्या मजल्यावरचा रेफ्युजिओ, काठी आपटत. "अहो, माझं छत खाली यायला लागलंय! वर हत्ती पाळलाय का?" मग त्याची नजर ऐरणींवर पडली आणि आवाजच बदलला. साठ वर्षं त्याने घोडेस्वार घोड्याला टोचायला टाचेला लावतात त्या आऱ्या घडवल्या होत्या. नव्या ऐरणीवर बोट वाजवून तो म्हणाला, "आवाज चांगलाय. ही इथे काय करतेय बिचारी?"

दोघांनी चौकीदाराची हातगाडी मागून ती खाली पार्किंगच्या छपराखाली नेली. वर्नाला लग्नानंतर पहिल्यांदाच निवांत दुपार मिळाली. ती खिडकीत पाय पसरून बसली आणि खालची ठकठक ऐकत राहिली. चार दिवसांत शेजारीपाजारी वाकलेल्या बिजागऱ्या, मोडलेल्या खुर्च्या घेऊन यायला लागले.

सोमवारी कंपनीचा माणूस ऐरण न्यायला आला. ऑर्लिन एका म्हातारीच्या चाकाच्या खुर्चीचा दांडा सरळ करत होता. "जरा थांब," तो मान वर न करता म्हणाला.

तो थांबला. म्हातारीने दिलेली खोबऱ्याची वडी खाल्ली, रेफ्युजिओच्या गप्पा ऐकल्या. मग ट्रककडे गेला आणि स्वतःची सामान ओढायची गाडी घेऊन आला. तिचा दांडा पार वाकडा झाला होता.

"आजोबा," तो जरा लाजत म्हणाला, "हे सरळ होईल का?"

तासाभराने तो सरळ झालेली गाडी घेऊन गेला. कागदावर त्याने लिहिलं होतं : ऐरण कामात आहे, उचलता आली नाही.