डोंगर हिरवा झाला

शहराचा सगळा कचरा ज्या डोंगरावर जातो, तो कुठे किती तापलाय हे उपग्रहाच्या चित्रांवरून कळतं. त्या चित्रांचे नकाशे ती करायची. आणि त्याच डोंगरावर बुलडोझर चालवायचा तिचा थोरला भाऊ.

त्या दिवशी उत्तरेच्या कडेवर लालभडक ठिपका उमटला. म्हणजे आत धुमसत होतं. तिच्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"उद्या तपासणीची मंडळी येतायत. हा लाल रंग काढा."

"साहेब, रंग काढून आग विझत नाही."

"मी आग विझवा म्हटलंय का?"

आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. पण साहेबांपुढे मान डोलवायची तिची जुनी सवय. तिने रंगांची पट्टी अशी बदलली, की लाल दिसायला डोंगराची भट्टीच व्हावी लागली असती. ठिपका हिरवागार झाला. तिला स्वतःचीच लाज वाटली, तरी नकाशा तिने पाठवला.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे पाहुणे साहेबांच्या खोलीत चहा पीत नकाशाचं कौतुक करत होते, तेवढ्यात तिला दादाचा फोन आला.

"अगं, उत्तरेच्या कडेवर मशीन न्यायला सांगितलंय. पाहुण्यांच्या फोटोसाठी जागा सपाट करायचीय. बुटांतून चटके बसतायत, पण मुकादम म्हणतो नकाशात हिरवं आहे. तूच केलायस ना? मग जातो."

"दादा, जाऊ नकोस. तो हिरवा रंग खोटा आहे. मीच लावलाय."

दादा म्हणाला, "साहेबांचा हुकूम आहे. मुकादम माझं ऐकणार नाही."

फोन चालू ठेवूनच ती आत गेली.

"साहेब, फोटोची जागा तयार होतेय. सगळ्यात हिरवी जागा तीच. तिथे पहिलं पाऊल तुमचंच पडू दे."

पाहुणे कौतुकाने उठले. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तिथे नको."

"का हो?" एका पाहुण्याने विचारलं.

"अहो, खाली पेटलंय तिथे," साहेब बोलून गेले.

मग कोणी कपही उचलेना. तिने फोन साहेबांपुढे धरला. मशीन मागे घ्या, हे त्यांना सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं.

नकाशात चुकीचा रंग वापरल्याबद्दल संध्याकाळी मेमो मिळाला, तो अर्थात तिला.

ती घरी आली तेव्हा दारात दादाचे बूट होते, तळ वितळून वाकडे झालेले. तो रागावला नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "यापुढे तू हिरवं म्हणालीस तरी मी आधी हात लावून बघणार."

मेमो तिने केव्हाच फाडून टाकला होता. पण हे मात्र तिला लागलं.