सामान कोणी उचललं?

दिवस कलला तरी उखळातलं भात संपेना, आणि खरं सांगायचं तर भागीला ते संपायलाही नको होतं. हात खांद्यातून गळून पडतील असे दुखत होते. चार दिवस झाले, डोळखांबच्या हिराबाईंच्या पडवीत ती भात कांडत होती. उद्या पहाटे नवऱ्याच्या, लडकूच्या, मागोमाग म्हसा गावापलीकडे कोळशाच्या भट्टीवर निघायचं, ते परत यायचं थेट पावसाच्या तोंडाशी. तोवर हिराबाईंची लेक देवकी नाताळची सुटी संपवून शहापूरच्या शाळेत गेलेली असणार, आणि भागीला वाचून दाखवायची ती गोष्टीची चोपडी शाळेतल्या बाईंना परत.

म्हणून गोष्ट आज संपायलाच हवी होती.

गोष्टच तशी होती! सपाट माथ्याचा एक डोंगर (भागीच्या डोळ्यांपुढे सरळ माहुलीचा डोंगरच यायचा, सुळक्यांसकट), आणि वर घराएवढ्या पाली. एकीची तर मानच ताडाएवढी. तिच्यापुढून तिघे साहेब जीव घेऊन पळत होते. देवकी त्या पालीचा आवाज असा काढायची की गोठ्यातली म्हैस कान टवकारायची.

"आणि मग साहेबांनी तळ्यापलीकडे तंबू ठोकला," देवकी भराभरा वाचत होती.

मुसळ वरच थांबलं.

"तंबू कुठून आला गो?"

"बरोबर होता की."

"कड्यावरून दोराला लोंबकळत चढले ना ते? तंबू, बंदुका, पेट्या, भांडी. तिघांच्यानं एवढं उचलवायचं नाय. सामान कोणी उचललं?"

देवकीनं मागची पानं अंगठ्यानं दाबून धरली.

"बाय, तू पानं गाळतेस."

"थोडीशीच. तिथं वाईट लिहिलंय, भागे. हमालांबद्दल. वीस हमाल होते, जंगलातलेच."

"मग वाच."

"पण शेवट राहील! तुझं भात संपत आलंय."

"वाच म्हणते ना."

देवकीनं पानं मागे उलटली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "हे काळे लोक आळशी, भित्रे, आणि अकलेनं लहान पोरांसारखे. चाबूक दिसला तरच कामाला लागतात."

भागीनं मुसळ टाकलं, उचललं, टाकलं. गेल्या साली लडकूनं एका साहेबाची पेटी डोक्यावरून माहुलीवर नेली होती. साहेबानं हसत हसत त्याला माकड म्हटलं होतं. घरी येऊन तो न जेवताच झोपला, आणि तिनं त्याची मान तेलानं चोळली होती.

"राग आला?" देवकीनं विचारलं.

"राग यायला अंगात जीव लागतो गो. वीस होते ना? मी पंधरा धरलेवते." भागीनं कपाळ पुसलं. "आता पालीचं वाच. सगळं वाच. त्यांचंबी."

देवकी वाचत राहिली, वाईट तेही, ठेचकाळत. पाल चवताळून तंबूत शिरली तेव्हा भागी मुसळासकट मागे सरकली आणि स्वतःलाच हसली. पण उखळ रिकामं झालं होतं, आणि पानं अजून बरीच होती.

भागीनं सुपातला पाखडलेला तांदूळ घेतला आणि पुन्हा उखळात ओतला.

"अगं, ते झालंय!"

"वाच तू."

ती मुसळ हलकं हलकं टाकू लागली. आतून हिराबाई ओरडल्या, "भागे, अजून चाललंच हाय? कणी होईल त्याची!"

"झालंच, बाई!"

पडवीत अक्षर दिसेनासं होता होता देवकी शेवटच्या पानावर पोचली. साहेब आगबोटीनं घरी गेले. गावात मोठी मेजवानी झाली, टाळ्या वाजल्या.

"आणि ते वीस?"

देवकीनं पान उलटून पाहिलं. "त्यांचं काही लिहिलं नाही."

"घरी गेले असतील. दमलेवते." भागी उखळाला टेकून बसली. "आणि पाल?"

"ती राहिली वर. कोणालाच सापडली नाही."

"बरं झालं," भागी म्हणाली, आणि चुरलेला तांदूळ सुपात भरू लागली.