सेलीनचा वाटा

बोनिफास हा नदीकाठचा नावाजलेला शिकारी. त्याने गोळी झाडली की मूस पडलाच म्हणून समजा, आणि मूस पडला की बोनिफासचं काम संपलंच म्हणून समजा. रेड्याएवढं ते हरीण होडीतून घरी आणायचं, गावात ज्याचा त्याचा वाटा पोचता करायचा आणि सोफ्यावर आडवं होऊन हॉकीची मॅच लावायची. पुढचं सेलीन बघायची. नेमकं काय बघायची, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्याने कधी उठून पाहिलं नव्हतं. यथावकाश टेबलावर सुक्या मांसाची चवड यायची, शेजारी लोणी यायचं, आणि पहिला घास चावत साहेब म्हणायचे, "धूर जरा कमी पडलाय."

सेलीनला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या जेवणाला अख्खं गाव येणार, आणि जेवणाआधी अंगणातल्या विस्तवात सेलीनचा घास जाणार. आमच्याकडे गेलेल्यांना असंच वाढतात. विस्तव जे खातो, ते त्यांना पोचतं.

सेलीनची धाकटी बहीण फिलोमेन सगळं ठरवायला आली. ठरवूनच आली होती, फक्त सांगायचं बाकी होतं.

"फ्रीझरमध्ये तिच्या हातची एक पिशवी उरलीय ना सुक्या मांसाची? त्यातलंच घालू विस्तवात. तिला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालायचं नाही."

"ती पिशवी लोकांना वाढू," बोनिफास म्हणाला. "विस्तवात मी केलेलं जाईल."

"तुम्ही केलेलं काय?"

"सुकं मांस."

फिलोमेनने चहाचा कप खाली ठेवला. "दाजी, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"त्यात काय आहे एवढं? कापायचं, टांगायचं. वाळतं ते आपलं आपण."

हे वाक्य त्याने म्हणायला नको होतं. दुकानात, चर्चच्या पायरीवर आणि बिंगोच्या टेबलावर ते त्याच संध्याकाळी पोचलं. सकाळी बोनिफास सुरी घेऊन अंगणात आला, तर फिलोमेन आणि तिच्या दोन मैत्रिणी बादल्या पालथ्या घालून बसलेल्या, थर्मासमधून चहा ओतताहेत. कुणी बोलावलं नव्हतं. अशा कार्यक्रमाला बोलवावं लागत नाही.

मूस त्याने झोकात आणला होता, त्यात प्रश्नच नव्हता. प्रश्न मागच्या पायाच्या मांसाचा गोळा फळीवर ठेवल्यावर सुरू झाला. सेलीन असा गोळा धरून सुरी फिरवायची आणि गुंडाळलेली चटई उलगडावी तसं मांस उलगडत जायचं, एकसंध, पातळ. बोनिफासने सुरी घातली आणि एक जाडजूड ठोकळा सुटून फळीवर आपटला.

"हे वाळवायचंय की बुटाला तळ लावायचाय?" पहिली मैत्रीण म्हणाली.

"अगं, उशी केलीय त्याने. सेलीनला तिकडे डोकं टेकायला," दुसरी म्हणाली.

"गप्प बसा गं," फिलोमेन म्हणाली, "दाजींचं लक्ष विचलित होतं. आपलं आपण वाळणार आहे ते, आपण कशाला बोला."

बोनिफास मान वर न करता कापत राहिला. ठोकळे झाले, फाटके पट्टे झाले, एक तुकडा तर कशासारखा होता ते त्या बायकांनी एकमेकींच्या कानात सांगितलं आणि बराच वेळ हसल्या. मग त्याने अंगणातल्या, मांस धुरावर धरायच्या तंबूत सोललेल्या काठ्यांवर सगळं टांगलं आणि खाली विस्तव पेटवला. पठ्ठ्याने कोरडी लाकडं रचून होळीच केली. धूर करायला कुजकं, ओलसर लाकूड लागतं, ते सेलीन कुठून आणायची कोण जाणे. संध्याकाळपर्यंत मांस बाहेरून भाजून टणक झालं, आतून कच्चं राहिलं. दोन दिवसांनी घडीघडीत माश्यांची अंडी सापडली. टांगलेलं सगळं कुत्र्यांना गेलं. त्यातल्या म्हाताऱ्या कुत्र्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं, ही बातमीही गावात पोचली.

त्या दिवशी फिलोमेन एकटीच आली. बोनिफास रिकाम्या तंबूत पालथ्या बादलीवर बसला होता.

"झाली हौस?" ती म्हणाली. "आता काढू का ती पिशवी?"

"नको."

"का पण? माझ्या बहिणीच्या घासाचा प्रश्न आहे, दाजी. तुमच्या हट्टापायी तिने काय उपाशी राहायचं?"

बोनिफासने राखेत काठी फिरवली. मग म्हणाला, "जन्मभर तिने मला वाढलं. मी तिला एकदासुद्धा काही करून घातलं नाही. साधा चहा नाही. आता निदान या एका घासाला तिच्याच हातचं तिला परत वाढू? मला लाज वाटते गं."

फिलोमेनने बाह्या वर सारल्या. बर्फावर ठेवलेल्या, न कापलेल्या मांसातला एक गोळा तिने उचलून फळीवर आपटला.

"मी काही शिकवणार नाहीये. मी माझ्या घरासाठी कापतेय. कुणाला बघायचं असेल तर डोळे आहेत."

तिने सुरी आडवी धरली, जवळजवळ झोपवलेली. जोर लावलाच नाही. मांस डाव्या हाताने हळूहळू वळवत गेली आणि त्याचं पान उलगडत गुडघ्यांपर्यंत आलं. बोनिफास डोळे फाडून बघत होता. हे रोज त्याच्या घराच्या मागच्या दारी चालायचं, आणि तो आत बसून मॅचचा आवाज वाढवायचा.

दुसरा गोळा त्याने घेतला. मग तिसरा. फिलोमेन "सुरी झोपवा" एवढंच म्हणत राहिली, आणि जाता जाता कुजकं लाकूड नदीच्या कुठल्या वळणावर मिळतं तेही भिंतीला सांगितल्यासारखं सांगून गेली. पुढचे दिवस बोनिफास तंबूतून हलला नाही. मांस उलटायचा, विस्तव दाबायचा, माश्या हाकलायचा. हॉकीच्या मोसमातली पहिली मॅच होऊन गेली, त्याला पत्ताही नव्हता.

जेवणाच्या दिवशी गाव जमलं. सेलीनची शेवटची पिशवी टेबलावर रिकामी झाली. लोक डोळे मिटून चावत होते, आणि बोनिफासने त्यातला एक तुकडाही उचलला नाही. तिच्या हातचं जगात आता काही उरलं नव्हतं.

मग रीतीप्रमाणे विस्तवाभोवती सगळे उभे राहिले. रीत सांभाळणाऱ्या गावच्या म्हाताऱ्याने खूण केली आणि बोनिफास आपली चवड घेऊन पुढे झाला.

थांबा, सांगताना क्रम उलटा झाला. आधी विस्तव, मग जेवण. माझीच घाई होतेय. तर पिशवी अजून टेबलावर बांधलेलीच होती, लोक विस्तवाभोवती उभे होते, आणि बोनिफास आपली चवड घेऊन पुढे आला. फिलोमेनने वाट अडवली.

"आधी मी बघणार."

तिने एक पान उचलून उजेडात धरलं. भोकांतून पलीकडची नदी दिसत होती. एक कड जाड, एक कड झिरझिरीत. तिने तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि चावू लागली. अख्खं गाव तिच्या जबड्याकडे बघत होतं. तिने बऱ्याच कष्टाने गिळला.

बोनिफासने एक पान विस्तवात ठेवायला हात पुढे केला.

"एकच काय ठेवता?" फिलोमेन म्हणाली. "सगळं घाला. इथे कोण खाणार आहे ते?"

त्याने सगळी चवड विस्तवावर ठेवली. चरबी चरचरली, धूर वर चढला. फिलोमेन त्या धुराकडे बघत, रोज कुंपणावरून बहिणीशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "सेलीन, यांनी स्वतः केलंय गं. नावं ठेवायची असतील तर मी तिकडे आले की दोघी मिळून ठेवू. तोवर चावत बस."

बोनिफास भर गावात हुंदके देऊन रडला, आणि या खेपेला त्याच्यावर कुणी हसलं नाही.