दोन्ही टाचा टेकणारी गाडी

मला पहिल्यांदा बघणारा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "ही अजून चालते?" तर मित्रांनो, चालते! मी आगरदांड्याची एक जुनी मोटारसायकल आहे. बुटकी आहे, टाकीला पोचा आहे आणि किक मारल्याशिवाय मी जागी होत नाही. पण एका मुलीची मी पहिली गाडी आहे. ती कशी झाले, ते ऐका.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. तेलाचा वास आणि माझ्या बहिणींची लांबच लांब रांग, एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते तुळशीरामकाकांच्या दारात. त्यांनी मला हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाठीवर पावाच्या टोपल्या बांधल्या. बेकरीतले गरम पाव घेऊन आम्ही सकाळी फेरीबोटीने खाडी ओलांडायचो आणि दिघीला उतरून पार हरिहरेश्वरापर्यंतची गावं घ्यायचो. माझा हॉर्न ऐकला की पोरं पिशव्या घेऊन धावत यायची. "पाववाली गाडी आली!" असं ती ओरडली की मी अगदी चढून जायचे. खोटं कशाला सांगू?

पुढे काकांचे गुडघे धरले. मला पडवीत उभं केलं, ते उभंच. खारा वारा लोखंडाला सोडत नाही. साखळी गंजली, सीट फाटली आणि त्या फाटक्या सीटवर काकांच्या कोंबडीने अंडी घालायला सुरुवात केली. तुम्हाला हसू येईल, पण मला तेव्हा फार वाईट वाटायचं.

आमच्या शेजारी कमळ राहते. फेरीबोटीच्या धक्क्यावर तिची चहाची टपरी आहे. तिची मुलगी प्राप्ती नर्सिंग शिकली आणि तिला खाडीपलीकडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. बसचा आणि बोटीचा मेळ बसेना, म्हणजे स्वतःची गाडी हवीच. पोरगी आनंदाने नाचत होती आणि आई काळजीने वाळत होती. त्याचं कारण होतं धक्का. ओहोटीला धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो. त्यावर हिरवं बुळबुळीत शेवाळ असतं. त्या उतारावरून खाली जायचं आणि मग बोटीच्या फळीवर चढायचं. टपरीतून कमळने किती जणांना तिथे आडवं झालेलं पाहिलं होतं, देव जाणे.

"ओहोटीला कुनाचा हात न घेता बोटीत चढून दाखव," ती म्हणाली. "जमलं तर जा नोकरीला. न्हाय तर तळ्याला, मामाच्या गावी राहा आन् तिथंच काय काम मिळतंय ते बघ."

प्राप्तीचा भाऊ अल्पेश पनवेलला ट्रक चालवतो. बहिणीवर त्याचा भारी जीव. तो मित्राची विकाऊ गाडी घेऊन आला. काळीकुळकुळीत, उंच, रुंद टाकीची. चालू केली की आमच्या पडवीचे पत्रे थरथरायचे. "पयली गाडी हाय, झकास नको का?" तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, ही भंगारात कधी घालताव?" माझ्या अंगात तेव्हा पेट्रोल असतं, तर मी पेटलेच असते.

आमच्याकडची पोरं गाडी शिकतात ती समुद्रावर. ओहोटीची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते, समोर कोणी नसतं आणि पडलं तरी लागत नाही. अल्पेशनेही तेच केलं. प्राप्तीजवळ शिकाऊ लायसन होतं. भाऊ मागे बसायचा आणि प्राप्ती ती काळी गाडी वाळूवर सुसाट न्यायची. आठवडाभरात तिला वाटू लागलं की आपल्याला सगळं येतं. ती मला न बघताच पडवीवरून जायची. मला त्या काळ्या गाडीचा हेवा वाटत होता, अगदी मनापासून.

पण वाळूवर चढ नसतो की उतार नसतो, मित्रांनो. समुद्रावर शिकलेल्याला थांबावं कसं, तेच कळत नाही.

मग ओहोटी बघून दोघं धक्क्यावर गेली. तिथे काय झालं, ते तेव्हा धक्क्यावर असलेल्या शेजारच्या भागुबाईकाकींनी येऊन काकांना सांगितलं, म्हणून मला कळलं. अर्ध्या उतारावर पुढची रिक्षा थांबली. प्राप्तीने घाबरून पुढचा ब्रेक आवळला. चाक शेवाळावरून सरकलं. तिने पाय खाली सोडले, तर जमिनीला लागले फक्त अंगठे. एवढं धूड अंगठ्यांवर कसं पेलणार? गाडी आडवी झाली. चार माणसांनी ती उचलली. प्राप्तीचं कोपर सोललं, आणि कमळ एवढंच म्हणाली, "झालं? आता बॅग भर."

प्राप्तीने बॅग भरली नाही. ती दुपारभर टपरीत बसून बोटीत चढणाऱ्यांचे पाय बघत राहिली. संध्याकाळी ती आमच्या पडवीत आली.

"काका, तुमच्या गाडीवर जरा बसून बघू?"

"कोंबडीला इचार," काका म्हणाले.

तिने कोंबडीला हाकललं, सीट झटकली आणि ती बसली. किती दिवसांनी माझ्यावर माणूस बसलं होतं!

"टाचा टेकल्या?" काकांनी विचारलं.

"दोन्ही टेकल्या."

"गुडघं वाकतात?"

"व्हय, वाकतात."

"मग ही तुझी."

अल्पेशने तोंड वाकडं केलं. "लोकं हसतील गं!"

"हसू दे. ते काय मला उचलायला येनार हायत?"

मग माझे लाड सुरू झाले. नवी साखळी, नवे टायर, नवी सीट. अल्पेश रुसला होता, पण मला घासून धुतलं त्यानेच. काठी टेकत काका रोज चढावर यायचे आणि शिकवायचे. उतारावर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, क्लच हळू सोडायचा, म्हणजे इंजीनच गाडीला धरून ठेवतं. प्राप्ती चुकायची, मी उचकी देऊन बंद पडायचे आणि आम्ही दोघी पुन्हा सुरू व्हायचो. अशा चुका करत करतच तिला पक्कं लायसन मिळालं.

नोकरीच्या पहिल्या सकाळी ओहोटीच होती, म्हणजे आईची परीक्षाही त्याच दिवशी. कमळ चहाची गाळणी हातात धरून टपरीबाहेर उभी होती. आम्ही उतारावर अर्ध्यापर्यंत आलो आणि पुढचा टेम्पो थांबला. प्राप्ती थांबली. दोन्ही टाचा शेवाळावर घट्ट रोवल्या. आणि नेमकी तेव्हाच मी बंद पडले. चूक माझी होती, वयाची होती, काय म्हणायचं ते म्हणा. मागे हॉर्न वाजू लागले. एक गृहस्थ धरायला पुढे आले.

"नको दादा, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

ती घाबरली नाही. मी गिअरमध्ये होते, जागची हलले नाही. टेम्पो बोटीत गेल्यावर तिने माझ्या टाकीवर थाप मारली. "चल गं बाय." किक मारायला पाय उचलावा लागला असता, म्हणून तिने क्लच दाबला, मला उतारावर थोडं घरंगळू दिलं आणि क्लच सोडला. मित्रांनो, त्या क्षणी मी पुन्हा बंद पडले असते, तर स्वतःच भंगारात गेले असते. पण मी सुरू झाले! फळीवरून खडखड करत आम्ही बोटीत चढलो.

बोट सुटली. प्राप्तीला मागे बघायचा धीर झाला नाही. तेवढ्यात काठावरून कमळचा आवाज आला.

"संध्याकाळी पन ओहोटीच हाय गं! येताना हळू ये!"

मग मात्र प्राप्ती माझ्या हँडलवर डोकं टेकवून रडली, आणि हसलीही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही आपली पहिली गाडी निवडाल. आवाज ऐकू नका, रंग बघू नका. आधी बसा आणि टाचा टेकवा. समुद्रावरून आलात की गाडीला गोड्या पाण्याने धुवा, खाऱ्या वाऱ्याला दया नसते. प्राप्तीला एक दिवस माझ्याहून मोठी गाडी लागेल, हे मला माहीत आहे. ती तिने खुशाल घ्यावी. पण तेव्हा मला अडगळीत लोटू नये. मला पुसावं, साखळीला तेल द्यावं आणि नुकतंच शिकू लागलेल्या कुणाच्या तरी हाती सोपवावं. घाबरलेल्या माणसाला कसं पेलायचं, ते मला आता चांगलं जमतं.